हार्ट अटॅकनंतर पायाची नाडी कशी तपासावी

बाबा अटॅकनंतर घरी आले आणि अकराव्या रात्री त्यांची उजवी पोटरी एकाएकी ठणकू लागली. पेटका आला असेल म्हणून मी अर्धा तास पाय चोळला, गरम पाण्याची पिशवी ठेवली. पाऊल बर्फासारखं गार लागत होतं, तरी माझ्या लक्षात आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

अटॅकमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याचा भाग निकामी झाला, तर तिथे रक्त साकळून गुठळी होऊ शकते, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. ती सुटली की धमनीतून वाहत जाते आणि फाट्यावर अडकते. पायात बऱ्याचदा जांघेपाशी. मेंदूत गेली तर तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं.

डिस्चार्जच्या दिवशीच नर्सकडून नाडी शोधून घ्या. एक जागा घोट्याच्या आतल्या हाडामागे. दुसरी पावलावर: पेशंटला पायाचा अंगठा वर उचलायला सांगा, जो स्नायूबंध (टेंडन) दोरीसारखा ताणतो त्याच्या करंगळीकडच्या बाजूला. तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवा. जोरात दाबलं तर नाडी बंद पडते, आणि आपला अंगठा लावला तर आपलीच नाडी लागते. काही धडधाकट माणसांतही पावलावरची नाडी लागत नाही, म्हणून जिथे लागली तिथे पेनाने फुली मारा. रोज दोन्ही पायांचा गारवा हाताच्या मागच्या बाजूने चाचपा.

एकच पाय अचानक दुखला, गार आणि पांढुरका पडला, मुंग्या आल्या, बोटं हलेनात, नाडी लागेना, तर सकाळची वाट पाहू नका. साधारण सहा तासांत रक्तपुरवठा सुरू व्हावा लागतो. शेकू नका, चोळू नका, पाय उशीवर उंच ठेवू नका. रक्त पातळ करणारी जादा गोळी मनाने देऊ नका. खायला-प्यायला काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. रक्तवाहिन्यांचे सर्जन असतील अशाच हॉस्पिटलात न्या आणि दारातच सांगा: ‘नुकताच अटॅक येऊन गेलाय, पाय अचानक गार पडलाय.’ (पाय सुजून गरम झाला असेल तर गुठळी बहुधा शिरेत असते. तेव्हाही डॉक्टर हवेतच.)

बाबांची गुठळी जांघेतून बारीक फुगा असलेली नळी घालून काढली. पाय वाचला. आता वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) सुरू आहे, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचा, तीन महिन्यांनी पुन्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. आंघोळीत फुल्या पुसल्या जातात. मी रोज पुन्हा काढते.