अंतरपाट धरण्याआधी: लग्नाच्या सिनेमॅटिक चित्रफितीची तयारी

मागच्या वैशाखात कऱ्हाडजवळच्या एका मंगल कार्यालयात मी तीन कॅमेरे, दोन गिंबल (चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारे हातदांडे) आणि एक ड्रोन घेऊन गेलो, आणि वधूच्या आत्याने स्वतः रचून म्हटलेल्या मंगलाष्टकाचा एक शब्दही परत आणला नाही. सकाळी हळदीच्या वेळी मुख्य कॅमेरा संथ गतीच्या मोडवर, म्हणजे सेकंदाला १०० फ्रेमवर ठेवला होता, कारण उधळलेली हळद संथ गतीत फार देखणी दिसते. त्यानंतर वधूची तयारी, गौरीहर आणि सीमांतपूजन यांच्या धावपळीत मोड बदलायचा राहून गेला, आणि अंतरपाट धरला गेला तेव्हाही कॅमेरा त्याच मोडवर होता. अनेक कॅमेऱ्यांत या मोडवर आवाज नोंदवलाच जात नाही, हे मला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि त्या क्षणी आठवणे यांतले अंतर मात्र त्या दिवशी कळले. दुसरा कॅमेरा हॉलच्या टोकाला तिकाटण्यावर होता, त्याच्या माइकवर पंखे आणि लहान मुले ऐकू येतात. तिसरा दारात वऱ्हाडाजवळ होता. स्वतंत्र रेकॉर्डर गाडीत, पिशवीच्या तळाशी होता. नंतर त्या दृश्याची गती चौपट करून चित्र पूर्ववत केले. आत्याबाईंचे ओठ हलताना स्वच्छ दिसतात, पण ऐकू काहीच येत नाही.

त्यामुळे या यादीत आवाजाचा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल. ज्यांना त्याचा कंटाळा येईल त्यांनी खुशाल बाकीचे सोडून तेवढाच वाचावा.

पहिली तयारी घरच्या मंडळींशी बोलण्याची आहे. लग्नाच्या किमान आठवडाभर आधी दोन्ही घरांतील एकेका जाणत्या माणसाबरोबर, शक्यतो वधूच्या मामीबरोबर किंवा वराच्या काकूबरोबर, बसून विधींचा क्रम लिहून घ्यावा. आईवडिलांना त्या आठवड्यात आपल्यासाठी वेळ नसतो आणि वधूवरांना क्रम ठाऊक नसतो. काही घरांत लाजाहोम आणि सप्तपदी अक्षतांच्या आधी उरकतात, काही घरांत नंतर. कानपिळी कुठे थाटाने होते, कुठे दोन मिनिटांत संपते. देवक, चुडा, सूनमुख, झाल यांपैकी काय होणार आहे आणि कोणत्या खोलीत होणार आहे, हे विचारावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मंगलाष्टके कोण म्हणणार आहे ते विचारावे. गुरुजी किती म्हणणार, घरचे कोणी स्वतः रचून आणणार आहे का, ते उभे कुठे राहणार आणि कोणत्या माइकवर म्हणणार, हे नावानिशी लिहून घ्यावे. आत्या, मावशी, शाळेतल्या निवृत्त बाई आणि कधी कधी आजोबा महिनाभर शब्द जुळवून ते कागद जपून आणतात, आणि ते त्या दिवशी एकदाच म्हटले जाते.

गुरुजींना आदल्या दिवशी फोन करावा. बहुतेक गुरुजी शेवटी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ हा श्लोक म्हणतात. तो कानावर पडला की अंतरपाट दूर होण्याची वेळ आली असे समजून वधूवरांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा स्थिर ठेवावा. क्रम वेगळा असेल तर गुरुजी सांगतात, फक्त त्यांना विचारायला हवे.

सामानाबद्दल थोडक्यात लिहितो. बॅटऱ्या भरून घ्याव्यात, लेन्स पुसाव्यात, गिंबल आदल्या रात्री त्याच लेन्ससह तोलून पाहावा. हे न कळणाऱ्याने लग्नाचे काम घेऊच नये. कार्डांचा हिशेब मात्र तोंडी करू नये. फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने केले तर तासाला साधारण ४५ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचे कार्ड पावणेतीन तासांत भरते, आणि ते नेमके कन्यादानाच्या वेळी भरते. दोन खाचांचा कॅमेरा असेल तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी नोंद ठेवावी. वैशाखातल्या दुपारी अंगणातल्या विधींसाठी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लागतो: सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवून भिंग २.८ वर उघडे हवे असेल तर कडक उन्हात सहा स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) कमी करावे लागतात, आणि लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर संकलनात ठरवण्यासाठी फिक्या चित्रात, चित्रित करत असाल तर त्याहूनही अधिक. उन्हात ठेवलेला लहान कॅमेरा तापून स्वतःच बंद पडतो, म्हणून छत्री धरणारा एक मुलगा सोबत असावा. चेष्टा वाटेल, पण माझ्याकडे आता तसा मुलगा आहे.

कॅमेऱ्याची मांडणी पाल पद्धतीवर, म्हणजे सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमवर, ठेवावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ३० किंवा ६० फ्रेम आणि १/६० शटर ठेवून कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली चित्रित केले तर चित्र लुकलुकते आणि ते संकलनात नीट होत नाही. स्टेजवरच्या स्वस्त एलईडी दिव्यांचे आणि एलईडी भिंतीचे वागणे तर निराळेच असते, त्यामुळे सकाळीच ते लावून घेऊन, शटर बदलत पट्टे कुठे नाहीसे होतात ते पाहून ठेवावे. पांढऱ्याचा समतोल कॅमेऱ्यावर सोपवू नये. एका बाजूला ३२०० केल्विनचे पिवळे दिवे आणि दुसऱ्या बाजूला खिडकीतला दिवस असेल तर वधूची साडी प्रत्येक चित्रात वेगळ्या रंगाची होते, आणि नऊवारीच्या रंगाबाबत सासरमाहेरची मंडळी फार जागरूक असतात.

आता आवाज. अंतरपाटाआधी मुख्य कॅमेरा संथ गतीच्या मोडवरून काढला आहे का, हे पाहावे. पुन्हा लिहितो: मोड बदलला आहे का, हे बोटाने मोडच्या तबकडीला हात लावून आणि पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या हलताहेत हे डोळ्यांनी पाहून ठरवावे. हलत्या पट्ट्या दिसत नसतील तर आवाज येत नाही असेच धरावे. खरे तर विधींसाठी त्या मोडची गरजच नसते. सामान्य मोडमध्येच सेकंदाला ५० फ्रेम घ्याव्यात. संकलनात २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर हवे तिथे निम्मी गती मिळते आणि आवाजही हातचा जात नाही. १०० फ्रेमचा सोस हळद, वरात आणि अंगणातल्या चालण्यापुरता ठेवावा.

कॅमेऱ्याचा आवाज हा दुय्यम आधार समजावा. मुख्य आवाज स्वतंत्र रेकॉर्डरवर यायला हवा, आणि तो रेकॉर्डर गाडीत नव्हे, कमरेला हवा. एक कॉलर माइक गुरुजींच्या उपरण्याच्या काठाला लावावा, रुद्राक्षांच्या माळेपासून चार बोटे दूर, नाहीतर प्रत्येक श्लोकामागे मणी वाजतात. दुसरा वराला लावण्याचा मोह होतो, पण हार घातले की तो फुलांखाली दबतो आणि पुढे फक्त खसखस ऐकू येते. लावायचाच तर हारांनंतर पुन्हा पाहावा. तिसरी नोंद साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घ्यावी, कारण घरची माणसे मंगलाष्टके म्हणतात ती कार्यालयाच्या माइकवर, आणि तिथे आपला कॉलर माइक पोहोचत नाही. त्यासाठी एक्सएलआर, पाव इंची आणि आरसीए अशा तिन्ही प्रकारच्या वायरी जवळ असाव्यात. रेकॉर्डरची आवक लाइनवर ठेवावी. मिक्सरचा जोरदार संदेश माइकच्या आवकेत घातला तर सगळा आवाज फाटतो. साउंडवाल्याला सकाळीच चहा पाजून सांगून ठेवावे, पण त्याच्यावर विसंबू नये, कारण अक्षता पडल्या की तो मिक्सरवरचे आवाज खाली ओढून गाणे लावतो, आणि ते त्याचे कामच आहे.

पातळी ठरवताना बोलण्याची शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावीत, म्हणजे ‘सावधान’ झाल्यावर एकदम उठणारी सनई, ताशा आणि बाहेरचे फटाके यांना जागा उरते. ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर परवडत असेल तर घ्यावा. पातळी चुकली तरी नंतर सावरता येते. वायरलेस माइकवर भिस्त ठेवायची तर आतच नोंद ठेवणारा घ्यावा, कारण पाचशे माणसांच्या खिशांत पाचशे फोन असलेल्या हॉलमध्ये जोडणी तुटतेच. रेकॉर्डर सुरू केल्यावर कॅमेऱ्यांसमोर एक टाळी वाजवावी, सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळे सकाळीच एक करावीत, आणि हेडफोन कानाला लावून स्वतः ऐकावे. लाल दिवा दिसतो म्हणून आवाज येत असेल, असे मानू नये.

यावर कोणी म्हणेल की इतके करूनही चुकले तर पुन्हा म्हणवून घ्यावे. मी तेही करून पाहिले. आत्याबाईंच्या घरी गेलो, त्यांनी न रागावता कागद काढला आणि बैठकीच्या खोलीत बसून म्हटले. लग्नात तिसऱ्या कडव्याला, जिथे भाचीच्या लहानपणीचा उल्लेख आहे, तिथे त्यांचा गळा भरून आला होता. घरी तो आला नाही, आणि तो यावा अशी अपेक्षा करणेही अशोभनीय होते. ते ध्वनिमुद्रण मी चित्रावर चढवून पाहिले, ओठ आणि शब्द जुळेनात, शेवटी काढून टाकले आणि तिथे बासरी घातली. घरच्यांनी कौतुक केले. मला ते दृश्य आजही पाहवत नाही.

कार्यालयात सकाळी पोहोचल्यावर ट्रॅडिशनल फोटोग्राफरशी आणि कँडिडवाल्याशी जागा वाटून घ्याव्यात. अंतरपाटाच्या वेळी स्टेजवर सहा माणसे कॅमेरे घेऊन उभी राहिली तर पाहुण्यांना वधूवर दिसत नाहीत, आणि शिव्या सिनेमॅटिकवाल्याला पडतात, कारण त्याचा गिंबल सर्वांत मोठा असतो. प्लगची जागा, जनरेटरची वेळ आणि मागचे दार पाहून ठेवावे. अक्षता पडतील तेव्हा समोरून एक, बाजूने एक आणि उंचावरून एक अशी विभागणी ठरलेली असावी. समोरच्या कॅमेऱ्याचा मोड पाहावा. हो, पुन्हा पाहावा.

ड्रोनबद्दल लोक फार सैल वागतात. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन नॅनो गटात मोडतात आणि त्यांना रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचे तर ते लागते. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल भाग पाहावा. कऱ्हाडलाही विमानतळ आहे, हे तिथल्याच कित्येकांच्या लक्षात नसते. आणि मंगलाष्टकांच्या वेळी तर ड्रोन उडवूच नये: त्याची घरघर प्रत्येक माइकवर येते. वरातीला उडवा, कार्यालयाचे दृश्य सकाळी घ्या.

मुहूर्त गोरज असेल तर उजेड मिनिटामिनिटाला उतरत जातो, त्यामुळे दिवे आधीच लावून ठेवावेत आणि ऐनवेळी आयएसओ वाढवत बसू नये. हळदीत लेन्सवर साधा फिल्टर लावावा आणि कॅमेरा कापडात गुंडाळावा. अक्षतांचे तांदूळ गिंबलच्या सांध्यात अडकतात, म्हणून लग्न लागल्यावर फुंकून काढावेत.

लग्न लागल्यानंतर सगळे जेवायला धावतात. एकाने थांबावे, कारण अनेक घरांत कानपिळी आणि सप्तपदी तेव्हाच असतात आणि गुरुजी थांबत नाहीत. गुरुजींच्या माइकची बॅटरी इथे बदलावी. विहिणींची पंगत, उखाणे: आवाज. सूनमुख: जवळून, आरशासह. पाठवणीच्या वेळी लांबून, मोठ्या लेन्सने चित्रित करावे आणि आईच्या तोंडाशी कॅमेरा नेऊ नये. वरातीला १०० फ्रेम चालतील. माप ओलांडताना जमिनीलगत एक कॅमेरा पुरे.

त्यानंतरचे सर्वांना येते, तरी लिहितो. कार्डांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर कराव्यात, आणि त्यांतली एक डिस्क दुसऱ्याच्या गाडीतून न्यावी. टीझर मिनिटाभराचा, हायलाइट पाच-सहा मिनिटांचा आणि सगळे विधी असलेली लांब चित्रफीत वेगळी, हे पैसे ठरवतानाच लिहून द्यावे. गाण्यांबाबत एक गैरसमज आहे: लग्नसमारंभात गाणे वाजवण्याला १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण तेच गाणे चित्रफितीवर चढवून यूट्यूबवर टाकायला ती सूट पुरते असे समजू नये. परवाना असलेले संगीत विकत घ्यावे, किंवा गुरुजींचा, आत्याचा, सनईचा नोंदवलेला आवाजच वापरावा.

तो आवाज त्याच रात्री, कार्डे रिकामी करण्याआधी, प्रत्येक फाइल उघडून हेडफोनवर शेवटपर्यंत ऐकावा.