ट्रेलरमध्ये उशाशी फळी लावताय? या चुका टाळा

अमेरिकेत जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेतला की पहिल्याच रात्री कळतं, चष्मा, फोन आणि पाण्याची बाटली ठेवायला उशाशी जागाच नाही. पुढच्या शनिवारी माणूस हार्डवेअरच्या दुकानातून दोन ब्रॅकेट आणि २ इंची स्क्रूचं पाकीट घेऊन येतो. घोळ त्या पाकिटापासूनच सुरू होतो.

ट्रेलरची भिंत घराच्या भिंतीसारखी नसते. आतून जेमतेम ३ मिमी लुआन (हलक्या लाकडाचा) प्लाय, त्यावर नक्षीचा कागद. मागे दीड इंचाची चौकट आणि तिला लागूनच बाहेरचा पत्रा किंवा फायबरग्लास. २ इंची स्क्रू ब्रॅकेट, प्लाय, चौकट पार करून थेट बाहेर डोकावतो.

लाकडी चौकटीच्या एका ट्रेलरमध्ये हेच झालं. बाहेर आलेल्या टोकावर मालकाने सिलिकॉनचा थेंब फासला आणि विषय संपला असं समजला. पावसाळी हंगाम गेला. पलंगाखालचा कागद फुगला, बोट दाबलं तर प्लाय आत जाऊ लागला. भिंत उघडली तेव्हा फायबरग्लासची लोकर ओलीचिंब आणि खालचं लाकूड काळं पडून भुसभुशीत झालेलं. फळी मात्र जागची हलली नव्हती.

लाकडी चौकटीला ८ नंबरचा सव्वा इंची स्क्रू पुरतो. ब्रॅकेट आणि प्लायचे मिळून ६ मिमी गेले तरी लाकडात २६ मिमी बसतो आणि बाहेरच्या पत्र्याआधी १२ मिमी शिल्लक राहतात. आधी ३/३२ इंचाच्या बिटाने भोक पाडा आणि बिटावर १ इंचावर टेप गुंडाळा. अंदाजाने थांबेन म्हणणाऱ्यांनी ड्रिल हातात घेऊच नये. अॅल्युमिनियमच्या चौकटीत स्क्रू फक्त नळीच्या पातळ पत्र्यात धरतो, तिथे पत्र्याचा १ इंची स्क्रू भरपूर झाला.

चौकट सापडत नाही म्हणून मधेच कुठेतरी ड्रायवॉल अँकर ठोकणं ही पुढची घाई. स्क्रू धरायला भोकात बसवायचे ते अँकर अर्ध्या इंचाच्या जिप्समच्या भिंतीसाठी असतात. ३ मिमी प्लायमध्ये रस्त्याच्या हादऱ्यांनी भोक लांबट होत जातं आणि एक दिवस फळी उशीवर येते. अमेरिकेतल्या घरासारखं दर १६ इंचांवर भिंतीत लाकूड मिळेल ही आशाही सोडा. लाकडी चौकट असेल तर छोटं लोहचुंबक भिंतीवरून फिरवा, प्लाय ठोकलेल्या स्टेपलची रांग हाताला लागते. अॅल्युमिनियमला चुंबक उपयोगाचं नाही. थंडीच्या पहाटे बाहेरून भिंत बघा, दवात किंवा हिमात चौकटीच्या रेषा बऱ्याचदा उमटलेल्या असतात. मग १२ मिमी बर्च प्लायची ३ इंच रुंद पट्टी चौकटीच्या किमान दोन उभ्या दांड्यांवर स्क्रूने बसवा आणि फळी त्या पट्टीला जोडा.

दुहेरी टेप आणि गोंद? नाही. गोंद कागदाला धरतो, कागद प्लायला धरेलच असं नाही, आणि उन्हात बंद ट्रेलर भट्टीसारखा तापतो. ४५ अंशांत कापलेल्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकवायची युक्ती घरात छान चालते. ती टिकते फक्त वजनावर, त्यामुळे खड्ड्यात फळी वर उचलली जाऊन सुटते. तीच वापरायची तर खालून एक स्क्रू मारून अडकवा.

आता माझी सगळ्यात नावडती चूक: स्लाइडआऊट (बटणाने बाहेर सरकणारा खोलीचा भाग) बाहेर काढलेला असताना माप घेणं. बेडरूम ऐसपैस दिसते, फळी झकास बसते आणि निघायच्या सकाळी बटण दाबलं की कड्डकन आवाज येतो. काही मोटरी जोर वाढला की आपोआप थांबतात, पण तोवर फळी निखळलेली असते, सोबत भिंतीचा कागदही. म्हणून ठरलेल्या मापाचा पुठ्ठा कापून निळ्या पेंटर टेपने जागेवर चिकटवा. एकाने बटणाशी, एकाने पुठ्ठ्याशी उभं राहून स्लाइड पूर्ण आत घ्या. गादीखालच्या कप्प्यासाठी पलंग वर उचलून बघा, कपाटाचं दार उघडा. मग एक रात्र त्या पुठ्ठ्याशेजारी झोपा. पलंगाशेजारची वाट जेमतेम फूटभर असते, तिथे ६ इंचांहून खोल फळी रोज मांडीला लागते.

लाल हँडलची खिडकी आगीत बाहेर पडण्यासाठी असते, तिच्यासमोर फळी नको. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) जड, आणि ओल लागली की फुगतं. पुढे सव्वा इंचाचा कठडा हवाच. कोपरे गोल घासा. बाहेरच्या भिंतीपासून पाव इंच फट सोडा, नाहीतर दमटपणाने मागे बुरशी धरते.

फोन चार्जिंगसाठी वाचनाच्या दिव्याच्या १२ व्होल्ट वायरवर यूएसबी सॉकेट जोडता येतं. पण वायरच्या रंगावर जाऊ नका. बऱ्याच ट्रेलरमध्ये १२ व्होल्टची काळी वायर पॉझिटिव्ह असते आणि १२० व्होल्टचीही काळीच जिवंत असते. मल्टिमीटर लावून खात्री करा, मग बॅटरी आणि बाहेरची वीज दोन्ही तोडा, तेव्हाच पक्कड उचला.

पहिल्या प्रवासानंतर सगळे स्क्रू हाताने पिळून बघा. लाकडातला एखादा सैल झाला असेल तर त्याच भोकात लांब स्क्रू घालू नका. दोन-तीन टूथपिक लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठोका, वरचा भाग कापा आणि जुना स्क्रू पुन्हा बसवण्याआधी रात्रभर वाळू द्या. तासभर नव्हे, रात्रभर.