गाडीचं पिकअप वाढवायला निघालात? या चुका टाळा

मार्च सरला की जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या गॅरेजांत एक तक्रार रोज ऐकू येते: "गाडीले पिकअपच नही शे, भाऊ." तक्रार खोटी नसते. पण तिच्यावर उपाय म्हणून जे बसवलं जातं, म्हणजे मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, शंकूसारखा उघडा फिल्टर, ऑनलाइन मागवलेली चिप, त्यातलं बहुतेक सामान काहीच करत नाही. काही सामान तर गाडीत होती ती ताकदही घालवतं. भरवशाने फरक पाडणारा एकच प्रकार आहे, रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलणं. तोही सगळ्या गाड्यांना चालत नाही आणि खानदेशच्या उन्हात तर आणखी जपून करावा लागतो.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक: गेलेली ताकद न शोधता नवी विकत घेणं

इंजिनाला इंधनाबरोबर हवा लागते, आणि हवा तापली की विरळ होते. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा साधारण सहा टक्के विरळ असते. म्हणजे जानेवारीत तुमची जी गाडी पारोळ्याच्या रस्त्यावर सरसर पळत होती, तीच मे महिन्याच्या दुपारी काहीही बिघाड नसताना मंद वाटणार. त्यात एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच जोरावर फिरतो, आणि इंजिन एक लिटरचं किंवा बाराशे सीसीचं असेल तर तो भार पायाला लगेच जाणवतो. टर्बो गाडीही, म्हणजे पंख्याने हवा दाबून इंजिनात भरणारी, यातून सुटत नाही. तिचा इंटरकूलर ही दाबलेली हवा थंड करतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हा ऋतूचा परिणाम आहे आणि त्यावर कुठलीही चिप चालत नाही. तेव्हा उन्हाळ्यात तक्रार सुरू झाली असेल, तर पहाटे सहाला एसी बंद ठेवून तीच गाडी त्याच रस्त्यावर चालवून बघा. पहाटे ठीक वाटली, तर गाडी बिघडलेली नाही.

पहाटेही मंद वाटली, तर मग तपासणी करा. सुरुवात एअर फिल्टरपासून. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास किंवा कापसाच्या गाड्यांमागून रोज येणं-जाणं असेल, तर फिल्टरचा डबा उघडून एकदा स्वतः बघा. घड्यांमध्ये काळ्या मातीचा थर आणि त्यावर कापसाच्या तंतूंचा राखाडी नमदा बसलेला असतो. बोटाने ओढला तर पापुद्र्यासारखा निघतो. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत असा तुंबलेला फिल्टर मायलेज फारसं बिघडवत नाही, म्हणून मालकाच्या लक्षात येत नाही, पण पिकअप मारतो. कंपनीच्या पुस्तकात दिलेला बदलण्याचा अंतराचा आकडा चांगल्या रस्त्यांसाठी असतो. धुळीच्या भागासाठी त्याच पुस्तकात वेगळी सूचना असते, ती वाचा. तेच तंतू रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या पत्र्यांतही अडकतात. ते मऊ ब्रशने आणि हलक्या पाण्याने काढा. प्रेशर वॉशरने मारलं तर पत्रे वाकतात.

नंतर क्लच. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाला चौथा गिअर टाका आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे भरकन वर गेले आणि वेग मागे रेंगाळला, तर क्लच घसरतोय. त्या गाडीत ताकद तयार होतेय, ती चाकापर्यंत पोचत नाहीये. दुसरी गोष्ट ब्रेकची. वीसेक किलोमीटर चालवून उतरा आणि चारही चाकांजवळ, रिमला न टेकवता, हात धरा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असेल, तर त्याचा ब्रेक जाम आहे. टायरमधली हवा तर दर पंधरा दिवसांनी बघायचीच, आणि ती टायर थंड असताना.

डिझेल असेल तर दोन गोष्टी जास्तीच्या. एक, डिझेल फिल्टर. दुसरी, टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणारे रबरी पाइप. उन्हाने हे रबर कडक होऊन क्लॅम्पपाशी चिरतं. जोर दिला की फुस्स आवाज येतो, मागून काळा धूर निघतो आणि गाडी चढाला दम सोडते. अशा गाडीत एक पाइप बदलला की काम होतं. त्याऐवजी तिला चिप बसवणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

उघडा फिल्टर

'कोल्ड एअर इनटेक' म्हणून विकला जाणारा शंकूसारखा फिल्टर बॉनेटखाली उघडा बसवला, तर त्याच्या नावातलं 'कोल्ड' तिथेच संपतं. कंपनीचा बंद डबा समोरच्या जाळीजवळून किंवा फेंडरमधून बाहेरची हवा घेतो. उघडा फिल्टर इंजिनाशेजारची हवा ओढतो. मे महिन्यात शहराच्या गर्दीत ती ७० अंशांवर असली, तर बाहेरच्या ४५ अंशांच्या हवेपेक्षा आणखी सात टक्के विरळ असते. आवाज दमदार येतो, ताकद कमी होते. स्वतंत्र नळीने आणि उष्णतारोधक पत्र्याने वेगळी केलेली चांगली रचना असेल तर थोडा फायदा होऊ शकतो, पण साध्या पेट्रोल गाडीत तो इतका लहान असतो की पायाला कळणार नाही.

याहून मला जास्त खटकते ती धूळ. तेल लावलेले धुता येणारे कापडी फिल्टर हवा जास्त सोडतात, पण बारीक धूळ अडवण्यात कंपनीचा कागदी फिल्टर बहुतेक वेळा सरस असतो. रावेर-यावलच्या केळीच्या शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीला धूळ अडवणं हेच फिल्टरचं पहिलं काम आहे. आत गेलेली माती रिंग आणि सिलिंडर घासते आणि ते नुकसान परत भरून निघत नाही. शिवाय फिल्टर धुतल्यावर तेल जास्त लावलं, तर ते हवेच्या प्रवाहाबरोबर मास एअर फ्लो सेन्सरवर जाऊन बसतं. सेन्सरमधल्या केसासारख्या तारेवर चिकट थर आला की तो हवा चुकीची मोजतो, आणि मग पिकअप वाढवायला आणलेली वस्तूच पिकअप खाते. असं झालं असेल तर फक्त याच सेन्सरसाठी मिळणारा स्प्रे वापरा. त्या तारेला कापड किंवा ब्रश लावू नका.

सायलेन्सर

आवाज मोठा झाला की गाडी वेगवान वाटते, इतकंच. टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनाला नुसता मागचा डबा बदलून मिळणारी वाढ नगण्य असते. पाइप फारच मोठा घातला तर कमी फेऱ्यांवर धुराचा वेग पडतो आणि खालचा जोर उलट ढिला होतो. कन्नड घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आपल्याला नेमका तोच जोर हवा असतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं तर थेट प्रदूषण आहे, आणि बीएस ६ गाडीत इंजिनाची खूण डॅशबोर्डवर पेटते ती वेगळीच. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने निलंबित होण्याची तरतूद आहे.

'चिप' या एका नावाखाली चार वेगळ्या वस्तू

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिली वस्तू सिगारेट लायटरमध्ये किंवा ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाला स्कॅनर जोडतो त्या जागी) खोचायची डबी. स्वस्तातली डबी उघडली की आत लुकलुकणारे दिवे आणि ते चालवायला लागणारं सर्किट, याखेरीज फारसं काही सापडत नाही. इंधनाच्या पाइपला बांधायची चुंबकं याच पंक्तीत बसतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणं तपासली; मायलेजमध्ये ठळक वाढ करणारं एकही निघालं नाही. अलीकडे मायलेज घटलं म्हणून लोक या डब्या घेतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा मुळातच कमी. ती कुठली डबी परत आणणार?

दुसरी वस्तू इनटेकच्या तापमान सेन्सरला जोडायचा रेझिस्टर. चार-दोन रुपयांचा हा भाग 'परफॉर्मन्स चिप' म्हणून हजाराच्या भावात जातो. तो ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, खोटं सांगतो की येणारी हवा थंडगार आहे. ईसीयू इंधन वाढवतो, पण साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर ते पुन्हा कमी करून टाकतो. धोका पूर्ण जोर देतो तेव्हाचा. हवा तापली की ईसीयू ठिणगीची वेळ मागे घेतो, म्हणजे इंजिन ठोके मारू नये. भुसावळच्या ४५ अंशांत हेच संरक्षण तुम्ही पैसे देऊन बंद करता. हा रेझिस्टर बसवलेला असेल तर आजच काढा.

तिसरी वस्तू पेडल बॉक्स. तो ताकद एका घोड्यानेही वाढवत नाही. अर्धा दाबलेला पाय पाऊण दाबल्यासारखा दाखवतो, म्हणून गाडी चपळ वाटते. ज्यांना पेडल सुस्त वाटतं त्यांनी तो जाणून-बुजून घ्यावा, ताकदीसाठी घेऊ नये.

चौथी, डिझेलची ट्युनिंग बॉक्स. ही रेल प्रेशरच्या, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाच्या, सेन्सरचा आकडा कमी दाखवते, मग ईसीयू दाब वाढवतो आणि इंधन जास्त जातं. जोर खरंच वाढतो. पण इंधनाच्या प्रमाणात हवा वाढतेच असं नाही. मग धूर आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. स्वस्तातली बॉक्स यात काहीच मोजत नाही.

रीमॅप चालतो, पण या चुका नकोत

टर्बो डिझेलमध्ये ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून २० ते ३० टक्के टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर, वाढवता येतो. कंपनी हलक्या प्रतीचं इंधन, उष्ण हवा, उंच घाट आणि दुर्लक्षित मेंटेनन्स धरून हात राखून ठेवते; रीमॅप त्या राखीव साठ्यात हात घालतो. टर्बो नसलेल्या पेट्रोलला मात्र हाच खर्च करून चार-पाच टक्के मिळाले तरी खूप. आणि सगळंच नुसत्या सॉफ्टवेअरने साधत नाही: स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा गाड्यांत गाजलेलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन आठवा. ७५ आणि ९० पीएस अशा दोन रूपांत ते आलं, आणि ९० च्या रूपाला कंपनीने नुसतं सॉफ्टवेअर दिलं नाही, व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे आतली पाती वेगाप्रमाणे वळवणारा, वेगळा टर्बो दिला.

आजारी गाडीवर रीमॅप करू नका. क्लच आधीच थकलेला असेल तर वाढलेला टॉर्क त्याला महिनाभरात संपवतो. दुसरं, पेन ड्राइव्हवरची तीच फाईल प्रत्येक गाडीत ओतणाऱ्याकडे जाऊ नका. ट्युनरला विचारा: मूळ फाईल मला देणार का? आधी आणि नंतर लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या सेन्सरच्या आकड्यांची नोंद, घेणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर उठा. आणि आपल्याकडचा खास प्रश्न, तपासणी कधी करणार? पुण्यात डिसेंबरच्या संध्याकाळी ठीक चाललेला मॅप पळासनेरपुढच्या बिजासन घाटात, दुपारी, एसी लावून, पाच माणसं बसवल्यावर कसा वागतो ते वेगळं असतं. कूलंटचं आणि इनटेकचं तापमान अशा चढावर बघितल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी भरलेलं असेल, तर आधी ते काढून कंपनीच्या प्रमाणात कूलंट भरा.

डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडून प्रदूषण कमी करणारी झडप) 'बंद करून देतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. डीपीएफची खूण गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारल्याने पेटत असेल, तर सूचनापुस्तकाप्रमाणे हायवेवर सलग वेगात चालवल्यावर ती बहुतेक वेळा विझते. काजळी जाळायला लागणारं तापमान बाजारातल्या गर्दीत मिळत नाही.

मोजल्याशिवाय 'फरक पडला' म्हणू नका

पैसे खर्च झाले की गाडी पळतेय असं वाटतंच. म्हणून काम करण्याआधी आणि नंतर, एकाच सपाट मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून ७० ला जायला किती सेकंद लागतात ते शेजारच्याला मोबाइलवर चित्रित करायला सांगा. दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा. एसी बंद, टाकी सारखी, टायरची हवा सारखी, आणि मुख्य म्हणजे दिवसाची वेळ सारखी. आधीची चाचणी ४३ अंशांत दुपारी आणि नंतरची २७ अंशांत पहाटे केली, तर पाच टक्के फरक नुसत्या हवेनेच दिसेल आणि त्याचं श्रेय फुकट सायलेन्सरला जाईल.

टायरबद्दल थोडक्यात: मोठे अलॉय आणि रुंद टायर वजन वाढवतात, त्यामुळे पिकअप आणि मायलेज दोन्ही घटतात. पकड हवी असेल तर कंपनीच्याच मापात चांगल्या प्रतीचा टायर घ्या.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. रीमॅप बाहेरून दिसत नाही म्हणून तो यातून सुटला असं समजू नका. वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर बदललेलं सॉफ्टवेअर बऱ्याचदा ओळखू येतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर सापडला, तर दावा अडू शकतो. म्हणून काम करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. आणि गाडी विकायची झाली, तर मूळ फाईल पुन्हा चढवा आणि काय-काय बदललं होतं ते घेणाऱ्याला स्वच्छ सांगा, कारण पुढचा क्लच त्याच्या पैशाने पडणार आहे.