नॅनो, चार आकडे आणि एक बटण सेल: घरच्या घरी एलईडी घड्याळ

घरी एलईडी घड्याळ करायला बसलं की आधी सगळं लक्ष लुकलुकणाऱ्या आकड्यांकडे जातं. माझंही तसंच झालं. आकडे एका संध्याकाळीत लागले, पण आठवड्याभरात घड्याळ पंधरा मिनिटं मागे पडलं. घड्याळ चालवतो तो आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम चढवता येणारा छोटा बोर्ड. पुष्कळ नॅनोंवर मुख्य चिपचा ताल सिरॅमिक रेझोनेटर नावाचा भाग धरतो आणि तो घड्याळातल्या क्वार्ट्झ स्फटिकाइतका नेमका नसतो. त्यामुळे वेळ मोजायचं काम नॅनोकडे द्यायचंच नाही. त्यासाठी डीएस३२३१ हे वेळ मोजणारं वेगळं मॉड्यूल घ्यायचं. त्याचा क्वार्ट्झ चिपच्या आतच असतो, आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात त्याच्यात पडणारा फरक चिप स्वतः सांभाळून घेते. चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट.

सामान थोडकंच: नॅनो, डीएस३२३१, टीएम१६३७ चिपवर चालणारा चार आकडी डिस्प्ले, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची पाटी), जंपर वायरी आणि मॉड्यूलसाठी एक बटण सेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं मिळतं. डिस्प्ले घेताना ‘मधे दोन टिंबं असलेला’ असं सांगून मागा. नाहीतर प्रत्येक आकड्यापुढे दशांशचिन्ह असलेला हातात पडतो.

जोडणीआधी डीएस३२३१ मॉड्यूल उलटसुलट करून बघा. वीज गेली तरी वेळ चालू राहावी म्हणून त्यावर बटण सेलची खोबण असते. स्वस्त निळ्या मॉड्यूलवर सेलला चार्ज करणारं सर्किट असतं. ते रिचार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ साठी आहे, पण आपण बसवतो दुकानात सहज मिळणारा सीआर२०३२, जो चार्ज करायचा नसतो. पाच व्होल्टवर चालवलं की त्यात सतत करंट शिरतो. सेल फुगतो, गळतो. उपाय सोपा आहे. सेल काढून ठेवा, ‘२०१’ छापलेला तांदळाएवढा रेझिस्टर शोधा आणि सोल्डरिंग गनचं टोक दोन्ही बाजूंना आळीपाळीने टेकवत तो उचलून टाका. मग वीज देऊन रिकाम्या खोबणीत मीटर लावा. आधी साडेचार व्होल्टच्या आसपास दिसणारा आकडा आता उतरलेला हवा. तो उतरल्यावरच सेल बसवा.

आता वायरी. पिनांच्या नावांप्रमाणे जोडायचं: मॉड्यूलचा एसडीए नॅनोच्या ए४ ला, एससीएल ए५ ला. डिस्प्लेचा सीएलके डी२ ला, डीआयओ डी३ ला. दोघांचे व्हीसीसी पाच व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला. डिस्प्ले अंधारलेलाच राहिला तर आधी सीएलके आणि डीआयओची अदलाबदल झाली आहे का ते बघा.

कॉम्प्युटरला नॅनो दिसत नसेल तर सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर टाका. दिसतोय पण प्रोग्राम चढत नाही? आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधे प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून बघा. आरटीसीलिब आणि टीएम१६३७ अशा दोन लायब्ररी (तयार प्रोग्रामचे संच) लागतात. डिस्प्लेवर वेळ दाखवायचा हिशोब एवढाच: तासाला शंभरने गुणायचं, त्यात मिनिटं मिळवायची. नऊ वाजून पाच म्हणजे ९०५. मधली टिंबं दर सेकंदाला चालू-बंद करायची.

वेळ लावणारी ओळ प्रोग्राममध्ये एकदाच चालवायची. ती तशीच राहिली की वीज जाऊन आल्यावर घड्याळ पुन्हा प्रोग्राम चढवला त्या वेळेवर जातं, आणि आपण उगाच सेलला दोष देत बसतो. म्हणून वेळ लागल्यावर ती ओळ बंद करून प्रोग्राम पुन्हा चढवा. वेळ काही सेकंद मागे पडलेली दिसेल, कारण प्रोग्राम चढायला तेवढा वेळ लागतो. लावतानाच तेवढे सेकंद मिळवून टाका. खात्री करायची तर केबल काढा, चहा पिऊन या आणि परत लावा. घड्याळाने चहाचा वेळ धरलेला असला पाहिजे.

खोक्याबद्दल मी हौशी नाही. मिठाईचा पुठ्ठ्याचा डबासुद्धा चालतो. पण लाल डिस्प्लेपुढे आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन कागद नक्की लावा. आकड्यांचे न पेटलेले करडे सेगमेंट, म्हणजे पट्ट्या, दिसेनासे होतात आणि आकडे अंधारात तरंगल्यासारखे वाटतात. उजेडाच्या शून्य ते सात अशा पायऱ्या असतात. झोपायच्या खोलीत रात्री दहानंतर शून्यावर आणा, नाहीतर छतावर लाल डाग दिसत राहतो. वीज जुन्या मोबाइल चार्जरची पुरते.