फरशीखाली पाणी मुरत असेल तर या चुका टाळा

तळमजल्यावरच्या घरात एखादी टाइल पोकळ वाजू लागली किंवा सांध्यांतून पांढरा लोणा (क्षारांची पूड) वर येऊ लागला, की बहुतेक घरमालक मिस्त्रीला बोलावून सांधे पांढऱ्या सिमेंटने भरून घेतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण पाण्याचा मार्ग खुलाच असला तर नवी फरशीही फार काळ टिकत नाही.

आधी ओल कोणत्या दिवसांत वाढते ते पाहावे. ती केवळ पावसाळ्यात दिसत असेल तर अंगणाचा उतार आणि गच्चीचे पाणी खाली आणणारे पाइप तपासावेत. हे पाइप जोत्याच्या अगदी पायथ्याशी मोकळे सोडलेले असतात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बारा महिने ओल असेल तर नळाची किंवा सांडपाण्याची वाहिनी गळत असण्याची शक्यता अधिक. मात्र ओल ऐन एप्रिल-मेमध्येच दिसत असेल, तर नागपूरकराने प्रथम खिडकीबाहेरच्या कूलरकडे पाहावे. टाकी भरून वाहिल्याने भिंतीलगत रोज थोडेथोडे पाणी मुरत राहते, आणि कोरड्या उन्हाळ्यात ओलीचे कारण कूलरचे पाणी असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

नळाची गळती शोधण्यासाठी घरातील सर्व नळ आणि टाकीत पाणी घेणारा व्हॉल्व्ह बंद करून मीटर पाहावे. पुरवठा चालू असताना ते फिरत राहिले तर मीटरपासून पुढच्या वाहिनीत गळती आहे. न्हाणीघराची शंका असल्यास जाळीखालचे तोंड बोळ्याने बंद करून जमिनीवर थोडे पाणी साठवावे आणि काही तासांनी पातळी उतरली का ते पाहावे.

दुसरी मोठी चूक भराव घालताना होते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात तिला पडलेल्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी थेट पायाकडे उतरते. फरशी खचली म्हणून तिच्याखाली अंगणातलीच माती फुकट मिळते या कारणाने भरणे म्हणजे तेच दुखणे पुन्हा घरात आणणे होय. तिथली काळी माती काढून चांगला मुरूम पंधरा ते वीस सेंटिमीटरच्या थरांत, बेताचे पाणी मारून आणि धुमसने ठोकून भरावा.

तिसरी चूक घाईची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा आसपासच्या वस्त्यांतील घरांत पाणी शिरले. अशा वेळी गाळ धुऊन जमीन दोन दिवसांत कोरडी दिसते, पण खालचा भराव महिनोन् महिने ओला राहू शकतो. दिवाळीपूर्वी घर नीट व्हावे ही इच्छा समजण्यासारखी असली, तरी ओल्या जमिनीवर व्हिनाइलचे आच्छादन किंवा इपॉक्सीचा लेप चढवू नये. हातभर चौरस प्लास्टिक कागद उघड्या कोब्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून रात्रभर ठेवावा. सकाळी कागदाच्या आत पाण्याचे थेंब किंवा खाली काळसर डाग दिसल्यास अजून थांबावे.

लोणा कोरड्या ब्रशने झाडावा, अॅसिडने धुऊ नये. फरशीतून वायरिंग गेले असेल तर काही उखडण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा.

भिंतीला तिरक्या भेगा पडल्या असतील किंवा दरवाजे अडकू लागले असतील, तर प्रश्न फरशीपुरता नाही. अशा वेळी मिस्त्रीआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.