ऑफिसच्या जुन्या ईपीएबीएक्सवर बाहेरचे फोन येत नाहीयेत? बॉक्स उघडण्याआधी हे बघा

ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसातले सगळे फोन बाहेरच्या लाइनींना जोडणारा बॉक्स. त्यावर इंटरकॉम चालतोय, आउटगोइंग लागतंय, पण बाहेरून कुणी फोन केला की ऑफिसात शुकशुकाट. अशा वेळी बहुतेक जण सरळ प्रोग्रॅमिंगमध्ये घुसतात आणि होतं नव्हतं तेही बिघडवून ठेवतात. थांबा जरा. आधी मोबाइलवरून आपल्याच नंबरला फोन लावा आणि काय ऐकू येतं ते बघा.

सारखा एंगेज येतोय म्हणजे लाइन कुठेतरी अडकलीय. समोरच्याने फोन ठेवला तरी जुन्या बॉक्सला ते कळत नाही, तो लाइन धरूनच बसतो. बॉक्स मिनिटभर बंद करून चालू करा, लाइन सुटते. पण दोन दिवसांनी परत तेच झालं तर बिझी टोन ओळखायची सेटिंग बघावी लागेल, त्या टोनवरूनच बॉक्सला समोरच्याने फोन ठेवल्याचं कळतं. तांब्याची लाइन जाऊन फायबर आलं की हे जास्त होतं, कारण टोन आता फायबरच्या डब्यातून येतो आणि तो थोडा वेगळा असू शकतो.

समोरच्याला रिंग ऐकू येतेय पण आपल्याकडे काहीच वाजत नाही? मग क्रोनवरून, म्हणजे बाहेरच्या वायरी बॉक्सच्या वायरींना जोडतात त्या पट्टीवरून, त्या लाइनच्या वायरींची जोडी सोडवा, साधा वायरवाला फोन थेट लाइनला लावा आणि परत कॉल करा. नाही वाजला तर दोष बाहेरचा, लाइनवाल्याकडे तक्रार टाका, बॉक्सला हात लावू नका. वाजला तर दोन ट्रंक लाइनींची, म्हणजे बाहेरून बॉक्सला येणाऱ्या लाइनींची, अदलाबदल करून बघा. दोष लाइनीबरोबर दुसऱ्या पोर्टवर (बॉक्सवर लाइन लावायची जागा) गेला तर लाइनची रिंग कमजोर आहे, साधा फोन वाजतो म्हणून बॉक्सला ती पुरतेच असं नाही. दोष त्याच पोर्टवर राहिला तर बॉक्समधल्या लाइन कार्डाचा तो पोर्ट गेला, पावसाळ्यात विजा झाल्यावर हे हमखास. मीटर असेल तर फोन ठेवलेल्या लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी दिसायला हवेत, फायबरच्या डब्यावर थोडे कमी असले तरी चालतं. आणि हो, वायर सोलताना कुणाला तेव्हाच फोन लावायला सांगू नका, रिंगचे ७५ च्या आसपास व्होल्ट एसी बोटाला चांगला झटका देतात.

आता बॉक्सच्या आतलं. ऑपरेटरच्या फोनवर डीएनडी (फोन वाजू न देणारी सेटिंग) किंवा कॉल फॉरवर्ड राहिलंय का ते पहिलं बघा, हसू नका, सुट्टीवर जाताना लोक लावून जातात आणि विसरतात. त्यानंतर घड्याळ. आमच्याकडे एकदा आतला सेल संपला, लाइट गेली आणि परत आल्यावर बॉक्सचं घड्याळ शून्यावर, म्हणजे भर दुपारी त्याच्या हिशोबाने मध्यरात्र. तो इमानदारीत नाइट मोडला गेला आणि सगळे कॉल वॉचमनच्या केबिनला पाठवत बसला, जिथला फोन दोन वर्षांपूर्वीच काढला होता! आम्ही दोन दिवस लाइनवाल्याला शिव्या घालत होतो. सेल बदलला, वेळ टाकली, झालं.

कधी उलटी तक्रार येते, तुम्ही फोन उचलता पण बोलत नाही म्हणे. तिथे ऑटो अटेंडंटचा, म्हणजे आपोआप कॉल उचलणाऱ्या सोयीचा, स्वागताचा मेसेज उडालेला असतो, बॉक्स कॉल उचलतो आणि गप्प बसतो. मेसेज परत रेकॉर्ड करा. आणि सीएलआय (फोन करणाऱ्याचा नंबर दाखवणारी सोय) चालू असेल तर आपल्याकडची घंटी एखादी रिंग उशिरा वाजते, तो बिघाड नाही.

फॅक्टरी रिसेट सगळ्यात शेवटी, आणि कोणती लाइन कुठल्या एक्स्टेन्शनला (ऑफिसातल्या फोनला) वाजते ते आधी कागदावर उतरवून ठेवल्याशिवाय तर नाहीच. पोर्ट जळालाच असेल तर लगेच नवीन कार्ड शोधत फिरू नका, रिकामा ट्रंक पोर्ट असला तर लाइन तिकडे हलवा, त्या पोर्टला तेच एक्स्टेन्शन लावा, आणि मेलेल्या पोर्टवर चिकटपट्टी लावून त्यावर तारीख लिहून ठेवा.