रीलोडिंग डाय घेताय? आधी एवढी तयारी करा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय. रीलोडिंग म्हणजे वापरलेल्या काडतुसाची रिकामी केस घरी परत भरणं. भारतात आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे तिकडे कोणी हे घरी करायचा विचारही करू नये. इथे फेडरल कायद्यात स्वतःच्या वापरासाठी रीलोड करायला वेगळं लायसन्स लागत नाही, विकायचं म्हटलं की लागतं, आणि राज्याचे नियम वेगळे असू शकतात ते आपापले बघून घ्या. पण सगळ्यात आधी स्वतःचा व्हिसा बघा. एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि ॲम्युनिशन दोन्ही जवळ ठेवायला बंदी आहे. हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून मगच, मित्राने सांगितलं म्हणून नको. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. ऑफिसातला अमेरिकन मित्र रेंजवर घेऊन जातो, आवड लागते आणि माणूस उत्साहात प्रेस (काडतूस भरायचं यंत्र) ऑर्डर करून मोकळा होतो, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलं.

आता डाय, म्हणजे केसला आकार द्यायला आणि बुलेट बसवायला प्रेसमध्ये लावायचा साचा. बहुतेक जण आधी ब्रँड विचारतात, ली घेऊ की आरसीबीएस, हॉर्नडी की रेडिंग. माझं म्हणणं, ब्रँड सगळ्यात शेवटी. आधी बंदूक, मग ब्रास (काडतुसाची पितळी केस), मग प्रेस, आणि या तिघांनी जे ठरवलं ती डाय घ्यायची.

तर एक कागद घ्या आणि कुठल्या बंदुकीसाठी भरणार ते लिहा. बॅरलवर जे कोरलंय ते जसंच्या तसं उतरवा, आठवणीने नको, कारण .४५ एसीपी आणि .४५ कोल्ट नावाने भाऊ वाटले तरी दोघांच्या डाय वेगळ्या. उलट .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नमला एकच सेट चालतो, फरक फक्त केसच्या लांबीचा, १.१५५ इंच आणि १.२९० इंच, तेवढं तोंड रुंद करणारी आणि बुलेट बसवणारी डाय वर-खाली करायची. दोन्ही भरणार असाल तर पैसे वाचले.

पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या सरळ केससाठी कार्बाइड सेट घ्या, यात फार विचार करू नका. कार्बाइडची रिंग असली की केसला ल्यूब (वंगण) लावावं लागत नाही, आणि पिस्तूलचे राउंड शेकड्याने भरायचे असतात, तिथे ल्यूब लावत आणि पुसत बसलात तर वैताग येईल. सेटमध्ये तीन डाय असतात: पहिली केस मापात आणते आणि जुना प्रायमर (तळातली ठिणगी देणारी टोपी) काढते, दुसरी तोंड जरासं रुंद करते, तिसरी बुलेट बसवते आणि क्रिम्प करते, म्हणजे केसचं तोंड बुलेटवर दाबते. क्रिम्प वेगळा करायचा असेल तर चौथी डाय मिळते, मला ती आवडते कारण बसवणं आणि दाबणं वेगवेगळं झालं की सेटिंग सोपं जातं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, ९ एमएम आणि .४५ एसीपी चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं ती जागा) केसच्या तोंडावर टेकतात, म्हणून त्यांना टेपर क्रिम्प (तोंड सरळ दाबणारा), आणि तोही हलका. रोल क्रिम्प (तोंड आत वळवणारा) रिव्हॉल्वरवाल्यांसाठी, त्यांची केस मागच्या रिमवर टेकते.

रायफलचं प्रकरण जरा मोठं आहे. .२२३ किंवा .३०८ सारख्या बाटलीच्या गळ्याच्या केसला साधारण दोन डायचा सेट येतो, आणि साइझिंग डायला ल्यूब लागतंच लागतं. ल्यूब विसरलात तर केस डायमध्ये अशी अडकते की प्रेसचा हँडल ओढला की रिम फाटून निघते आणि केस आतच राहते, म्हणून अडकलेली केस काढायचं किट पहिल्याच ऑर्डरमध्ये टाका. जास्त लावलंत तरी पंचाईत, खांद्यावर (गळ्याखालच्या उतारावर) ल्यूब साचलं की तिथे खड्डा पडतो. बोटाला जाणवेल न जाणवेल इतकं, ते पण केसच्या अंगाला, खांद्याला नाही.

बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची रायफल) असेल आणि त्याच रायफलमध्ये फायर केलेली ब्रास परत त्याच रायफलमध्ये वापरणार असाल तर नेक साइझिंग (फक्त गळा मापात आणणाऱ्या) डायचा विचार होऊ शकतो. सेमी-ऑटोला मात्र फुल लेंग्थच (पूर्ण केस मापात आणणारी), चेंबर घट्ट असेल तर स्मॉल बेस (तळाकडे जास्त दाबणारी). मला विचाराल तर नवीन माणसाने सगळ्यालाच फुल लेंग्थ घ्यावी आणि ती नीट सेट करायला शिकावं. सूचनांच्या कागदावर बऱ्याचदा लिहिलेलं असतं की डाय शेल होल्डरला (केसचा तळ धरणारा तुकडा) टेकली की आणखी पाव आटा फिरवा. तेवढ्याने खांदा गरजेपेक्षा मागे जाऊ शकतो. मग प्रत्येक फायरला ब्रास ताणली जाते, तळाच्या थोडी वर आतून पातळ होते आणि एक दिवस तिथेच तुटते. पेपरक्लिपचं टोक वाकवून केसच्या आत घाला आणि भिंतीवरून खाली सरकवा, तळाजवळ खाच लागली तर ती केस सरळ भंगारात. हे टाळायला कॅलिपर आणि त्याला लावायचा हेडस्पेस कंपॅरेटर (तळापासून खांद्यापर्यंतची लांबी मोजणारा) डायसोबतच घ्या. फायर केलेली केस मोजा, साइझ केलेली मोजा, बोल्ट ॲक्शनला खांदा एक-दोन थाउ (इंचाचा हजारावा भाग) मागे, सेमी-ऑटोला तीन-चार. पिंपरी-भोसरीच्या शॉपमध्ये काम केलेल्यांना थाउ वेगळा समजवायला नको. केस गेजही घ्या, ते सरळ गो नो-गोचंच काम आहे, बसली तर चालेल, नाहीतर नाही.

ब्रास कुठून येणार तेही आधी ठरवा. रेंजवरून उचललेली असेल तर आत टॉर्च मारून बघा, मधोमध एक भोक असेल तर बॉक्सर, चालेल. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन, ती बाजूला टाका, नाहीतर डायची पिन मोडेल. मिलिटरी ब्रासमध्ये प्रायमर क्रिम्प केलेला असतो, तो काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही, म्हणजे त्याचं हत्यार वेगळं.

प्रेसचं पटकन सांगतो. बहुतेक प्रेस आणि डायचा आटा ७/८-१४ (व्यास ७/८ इंच, इंचाला १४ आटे) असतो, त्यामुळे ब्रँड मिसळले तरी चालतात, पण डिलनच्या स्क्वेअर डील बी ला त्यांच्याच डाय लागतात. शेल होल्डर सेटमध्ये आहे का बघा, लीच्या बऱ्याच सेटमध्ये येतो, इतरांकडे सहसा वेगळा घ्यावा लागतो आणि पार्सल उघडल्यावर लक्षात आलं की तो वीकेंड गेला.

बुशिंग डाय, मायक्रोमीटरवाली सीटिंग डाय हे सगळं छान आहे, पण लांब पल्ल्याचं टार्गेट करायला लागाल तेव्हा. आत्ता तेच पैसे चांगल्या वजनकाट्यावर आणि ताज्या लोडिंग मॅन्युअलवर घाला, कितीही वाटलं तरी काडतुसात भरायच्या दारूचा (गनपावडरचा) आकडा फक्त मॅन्युअलमधूनच. चष्मा लागेल, काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे कारण जुन्या प्रायमरच्या धुळीत शिसं असतं, आणि पोरं घरात असतील तर टेबल कुलुपाच्या खोलीत, डायनिंग टेबलवर अजिबात नको.

डाय आल्या की आधी गंज लागू नये म्हणून लावलेल्या तेलाचा थर क्लीनरने पुसा, लॉक रिंग घट्ट होते का बघा, आणि पहिले चार-पाच राउंड प्रायमर आणि दारू न घालता बनवा. एकूण लांबी मोजा, केस गेजमध्ये टाका, बुलेट टेबलाच्या कडेला दाबून आत सरकते का बघा. सरकली तर सेटिंग परत करा, दारूचा डबा तोवर उघडू नका.